सहावी फेरी

"ही ललिताकाकूंची चटई," नम्रता दारातूनच म्हणाली. "माझ्या क्लासमध्ये राहिली होती."

दत्ताराम मास्तरांनी चटईला हातसुद्धा लावला नाही. नम्रता खाली मंडळाच्या खोलीत योगाचा क्लास घ्यायची. मास्तरांच्या भाषेत, चटया पसरून झोपा काढायचा क्लास. मास्तरांनी स्वतः लालबागच्या व्यायामशाळेत पस्तीस वर्षं पोरांकडून जोर-बैठका काढून घेतल्या होत्या. आकडा मोजायचे तेच, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा. पुढे पोरं एसी जिममध्ये गेली. शेवटी व्यायामशाळेला कुलूप लागलं आणि मास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसले. बसले ते तीन वर्षं बसलेच. जेवायलाही चार चार हाका माराव्या लागायच्या.

मग त्यांच्या बायकोला, ललिताबाईंना, धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम करा, योगा करा. मास्तर खुर्चीतून ताडकन उठले.

"योगा? घाम निघाला नाही तर तो व्यायाम कसला? आणि घरात मी असताना?"

दुसऱ्या दिवसापासून बाई जिने चढायला लागल्या. तळमजला ते तिसरा मजला, रोज दहा फेऱ्या. मास्तर वर कठड्याशी उभे. एक! दोन! प्रत्येक फेरीला दाराशेजारच्या भिंतीवर खडूची रेघ. काय तो आवाज! चाळ हसायची. हसेना का! मास्तर पुन्हा रोज दाढी करायला लागले, हाक न मारता ताटावर येऊन बसायला लागले.

महिन्यापूर्वीची गोष्ट. पाचवी रेघ ओढून मास्तर सहाव्या फेरीची वाट बघत होते. बाई येईनात. "ललिता, थांबायचं नाही!" ते वरून ओरडले. बाई दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या होत्या, कठड्याला डोकं टेकून. मास्तर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या पाच रेघा अजून भिंतीवर तशाच होत्या. पुसायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

"तुझ्याकडे यायची ती? चोरून?" मास्तरांचा आवाज चढला. "तरीच म्हटलं! तू तिला आरामाची सवय लावलीस. निम्मी ताकद तिथंच गेली तिची. नुसते जिने केले असते ना, तर आज जिवंत असती माझी बायको!"

चार शब्द ऐकून घ्यायचे असं ठरवूनच नम्रता आली होती. पण हे तिला सोसवेना. तिला रडूच फुटलं.

"काका, त्या आसनं करायला यायच्याच नाहीत हो. तुमच्या फेऱ्या झाल्या की भाजीच्या निमित्तानं खाली यायच्या आणि चटईवर पडून राहायच्या. धाप थांबेपर्यंत. तुम्हाला दिसू नये म्हणून. डॉक्टरांनी नंतर त्यांना बजावलं होतं, जिना दिवसातून एकदाच, तोही थांबत थांबत. मी हातापाया पडले, म्हटलं काकांना सांगते. तर मलाच शपथ घातली."

मास्तर मटकन खुर्चीत बसले.

"डॉक्टर नको म्हणाले होते? मग चढायची कशाला?" त्यांनी भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. "एका शब्दानं सांगायचं ना मला. मी काय खाल्लं असतं तिला?"

नम्रतानं चटई त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मीही हेच विचारलं. तर हसल्या. म्हणाल्या, 'अगो, तीन वर्षांनी माणूस खुर्चीतून उठलाय माझा. मी थांबले, तर त्यांना मोजायला उरलं कोण?'"