भाकरीआधी

दुष्काळाचं वर्ष होतं. सोलापूरच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये आजही रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी आली. शांतवन कुरकुरतच घास मोडू लागला. समोर त्याचा रूममेट विरुपाक्ष डोळे मिटून बसला होता; शांतवनचं लक्ष तिकडं आज पहिल्यांदाच गेलं.

"काय रे, बरं वाटत नाही का?"

"तुझंच बघून शिकलो की! पहिल्या वर्षी ताट आलं की तू डोळं मिटायचास. विचारलं तर म्हणालास, येशूनं भाकरी दिली, त्याचे आभार मानतोय. मला लई आवडलं. तवापास्नं मीबी मानतोय, त्याचेच." विरुपाक्षनं भाकरी मोडली. "पण तू कदी सोडलास?"

शांतवनला आठवेना. त्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि डोळे मिटले.

कितीतरी दिवसांनी केलेल्या त्या प्रार्थनेत भाकरीच्या आधी विरुपाक्षचं नाव आलं.