तळव्यांची तपासणी

भिवंडीजवळच्या त्या जुन्या कुष्ठरोग रुग्णालयात पत्रे बदलले, औषधं बदलली, पण पायाचे तळवे तपासायची पद्धत तीच राहिली. रुग्णाने डोळे मिटायचे. तिथल्या परिचारिकेने, निवेदिताने, तळव्याला बॉलपेनचं टोक टेकवायचं. जिथे कळेल तिथे रुग्णाने बोट ठेवायचं. अकरा वर्षं ती हेच करते आहे.

अंजूरच्या धोंडूबाईंचा डावा तळवा वीस वर्षं बधिर आहे. निवेदिताने चार ठिकाणी पेन टेकवलं. धोंडूबाईंनी कुठेच बोट ठेवलं नाही. नेहमीचंच, म्हणून तिने पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

"हितं हाय," धोंडूबाई म्हणाल्या आणि त्यांनी टाचेवर बोट ठेवलं.

"मावशी, आता मी नाही लावला हात. उघडा डोळे."

"थांब गो बाय. आता अंगठ्याखाली."

निवेदिताने तळवा जवळून पाहिला. तिचे चार ठिपके होते तिथेच होते. टाचेवर आणि अंगठ्याखाली आणखी दोन होते, ओल्या शाईचे.

खोलीत दोघीच होत्या. पलीकडच्या गल्लीत कापडाचे लूम चालू होते.

धोंडूबाईंचं बोट हवेतच थांबलं. डोळे अजून मिटलेलेच होते.

"आता माझ्या पायाला न्हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या पायाला टेकवतंय. कळतंय का?"

"नाही," निवेदिता हसून म्हणाली आणि तिने खाली पाहिलं.

सँडलच्या पट्ट्यांमधून दिसणाऱ्या तिच्या पावलावर तीन निळे ठिपके होते. ती पाहत असतानाच चौथ्या जागी कातडीला खळगा पडला. तिला काहीच कळलं नाही.