एकच छत्री

सिंगापुरात नव्या रस्त्याला जागा कुठून आणणार? म्हणून जुनी चिनी दफनभूमी उकरणं चाललं होतं. देखरेखीला उभ्या असलेल्या इंजिनियर निरगुडकरांकडे, आईच्या अस्थी न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने छत्री मागितली.

"एकच आहे, काका. ऊन मलाही लागतं," ते तुटकपणे म्हणाले.

म्हाताऱ्याने अंगातला सदरा काढला आणि नुकत्याच उघडलेल्या कबरीवर दोन्ही हातांनी ताणून धरला. "आईच्या हाडांना ऊन लागू द्यायचं नसतं," त्याने खणणाऱ्या मजुराला सांगितलं.

निरगुडकरांचं तोंड एवढंसं झालं. धावत जाऊन त्यांनी कबरीवर छत्री धरली, पण मान काही वर करवेना.

सदरा झटकून म्हाताऱ्याने तो निरगुडकरांच्या डोक्यावर धरला. "ऊन तुम्हालाही लागतं ना?"