मुकं खोकं

गुरुसिद्धप्पांनी काठीच्या मुठीनं माईकवर टक्कदिशी मारलं. त्यांच्या मते ते मारणं नव्हतं, वाजतंय का ते बघणं होतं. माईक दांड्यावरून निसटला, मठाच्या दगडी फरशीवर आपटला आणि त्याच्यातून काळी भुकटी सांडली.

"एवढाच होय ह्याचा दम?" ते म्हणाले.

रायभाननं ते डबडं उचललं, कानाशी नेऊन हलवलं आणि बाजूला ठेवलं. ब्रह्मदेशच्या लढाईत पलटणीच्या तारा जोडून आलेला हा धनगर. गावी परतला तो मेंढरं राखायची सोडून खोकी ठोकत बसला. आंब्याच्या फळ्यांची दोन खोकी, एकाच मापाची, पुढं गोल भोक, भोकात कागदाचा पडदा. आतून घोंगडीचे तुकडे चिकटवलेले, फळ्या थरथरू नयेत म्हणून.

"देवाच्या दारात मेंढराचा वास!" गुरुसिद्धप्पांनी नाकाला उपरणं लावलं. "हैदराबादेहून कर्णा मागवा म्हणलं, तर स्वामींना गावच्या माणसाचं कौतुक. घ्या आता."

खरं तर आज त्यांनी जिभेला आवर घालायला हवा होता. मठाचा जुना कारभारी वारला होता आणि नवा कारभारी गावानंच हात वर करून निवडावा, भजन त्यानंतर, असं स्वामींनी ठरवलं होतं. कारभाऱ्याच्या कमरेला मठाच्या किल्ल्या येणार आणि त्याच्या ताब्यात मठाचा दोनशे एकर माळ. त्या माळावर ताडकळसपासून पालमपर्यंतच्या धनगरांची मेंढरं जगत होती. म्हणून तर गुरुसिद्धप्पांनी महिनाभर पाल न् पाल पालथं घातलं होतं. माळ आहे तसा मोकळा राहील, असं बेलभंडारा उचलून शपथेवर सांगितलं होतं. दहा वर्षं त्या किल्ल्यांसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

एक खोकं खाली बाजारतळावरच्या लिंबाला टांगलेलं होतं, लोकांकडं तोंड आणि मठाकडं पाठ करून. दुसरं इथं वर, ओवरीत, भजनकऱ्यांच्या बैठकीशेजारी. बॅटरी आणि यंत्र लिंबाखाली. खोकी इतकी लांब का, असं कुणी विचारलं की रायभान म्हणायचा, "जवळ आणली की कुत्र्यावानी केकाटत्यात."

त्यानं खाली जाऊन तारा सोडल्या, नव्यानं जोडल्या आणि परत वर आला. ओवरीतल्या खोक्यावर बोटानं टिचकी मारून त्यानं खिडकीतून खाली बघितलं. लिंबाखाली त्याचा चुलता धोंडीबा उभा होता. धोंडीबानं लिंबावरच्या खोक्याला कान दिला आणि हात वर केला.

"ह्ये का बोलंना?" गुरुसिद्धप्पांनी काठी रोखली.

"ह्ये बोलायचं न्हाई, मालक. बोलायचं त्ये लिंबावरचं. ह्याचं काम आता..."

"मुकं खोकं!" त्यांनी हात वर करून त्याचं बोलणं तोडलं. "जा. तुझं शास्तर तुझ्या मेंढरांला सांग."

रायभाननं पक्कड कनवटीला खोचली. "बरं मालक," म्हणाला आणि पायऱ्या उतरून यंत्रापाशी गेला.

ओवरीत आता घरचीच माणसं उरली. बायको चन्नबसम्मा शाल घडी करत होती, मेहुणा रेवणसिद्ध पान लावत होता. गुरुसिद्धप्पांनी त्या मुक्या खोक्याला पाठ टेकली आणि पाय पसरले. खोकं तेवढ्या तरी कामाचं होतं.

"दाजी, करतील ना हात वर?" रेवणसिद्धानं विचारलं.

"न करून सांगतील कुणाला? मेंढरं राखून राखून मेंढरंच झालेत. एकानं मान घातली की सगळी मागं."

"आन माळाचं?"

"कसला माळ! किल्ल्या कमरेला आल्या की दुसऱ्या दिवशी काट्याचं कुंपण. कापूस लावतो सगळ्यात. चारा पायजे तर जावा म्हणावं चारठाण्याच्या डोंगरात."

चन्नबसम्मानं हात थांबवला. "आवो, बेलभंडारा उचलला व्हता तुमी."

"बेल झाडाचा, भंडारा आपल्याच दुकानातला. त्याला काय भ्यायचं?"

रेवणसिद्ध पानासकट हसला. "आन स्वामींनी इचारलं तर?"

"म्हाताऱ्याला दिसतंय कुठं? जिथं बोट धरून ठिवू तिथं अंगठा उठवतंय ते."

बराच वेळ हसणं चाललं. मग गुरुसिद्धप्पांच्या ध्यानात आलं, की खाली बाजारतळावरचा मघाचा गलका पार थांबला आहे.

"बघ, कशी गप बसलीत," ते समाधानानं म्हणाले. "माझी वाट बघायलेत."

बोलावणं यायला हवं होतं, ते काही येईना. अडाण्यांना रीत कुठली असणार! ते स्वतःच उठले, शाल खांद्यावर घेतली आणि कमरेला जिथं किल्ल्या लटकणार तिथं धोतर नीट करून पायऱ्या उतरले.

तळ माणसांनी भरला होता. कुणी उठून उभं राहिलं नाही. कुणी वळून बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांची तोंडं लिंबाकडं. स्वामी खोक्याच्या बरोबर खाली पाटावर बसले होते, कानाशी हात धरून. रायभान यंत्रापाशी उकिडवा बसला होता. हे सगळे आपल्या धाकानं असे थिजलेत, असं गुरुसिद्धप्पांना वाटलं आणि जरा कीवच आली.

ते लिंबाखाली जाऊन उभे राहिले. दोन्ही हात जोडले, मान लववली, चेहऱ्यावर गरिबी आणली आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरच्या खोक्यातून रेवणसिद्धाचा आवाज घुमला, "बघ अक्का, गेले दाजी मेंढरांम्होरं हात जोडायला."