चुलत्याची गिऱ्हाइकं

गावात एकाच आडनावाचे दोघे नामांकित: एक शास्त्रज्ञ, दुसरे टेकडीवरचे साधू. नातं काडीचं नाही. पण आडनाव दिसलं की पोस्टमन पत्र प्रयोगशाळेत टाकून मोकळा व्हायचा. आजारी माणसासाठी साधूंचा आशीर्वाद मागणाऱ्या त्या पत्रांसाठी शास्त्रज्ञ सरांनी खास शिक्का करून घेतला होता: ‘चमत्कार होत नाहीत. डॉक्टरांना दाखवा.’ टायपिस्टबाई तो मारून पत्रं परत धाडत.

“आज माझ्या चुलत्याची गिऱ्हाइकं किती?” सर रोज विचारायचे. डॉक्टरांनी सरांच्या पत्नीची आशा सोडली, तेव्हापासून ते विचारणं बंद झालं होतं.

आज साधूंच्या नावाचं एकच पाकीट आलं. बाई पत्त्याकडे बघत राहिल्या. अठरा वर्षं त्याच अक्षरावरून त्या सरांचे शोधनिबंध टाइप करत होत्या.

“एक आहे, सर.”

“मग मारा की शिक्का.” सरांनी मान वर केली नाही.

बाईंनी शिक्का नुसत्या टेबलावर आपटला आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. “अर्ध्या दिवसाची रजा हवी होती, सर.”

“घ्या,” सर म्हणाले. “ऊन फार आहे. टेकडी बेतानं चढा.”