मानाचा मासा

राखणदार हिलालने फाटकाशीच दिवल्याची पिशवी उलटी केली. भाकरीचं फडकं पडलं, गळांची डबी पडली, खोकल्याच्या औषधाची बाटली पडली. मासा काही पडला नाही.

"देखी ल्या भाऊ, काहीच नही शे," दिवल्या म्हणाला आणि उकिडवा बसून सामान गोळा करू लागला.

चार पावलांवर स्कूटरला टेकून कौतिक नाना पाहत उभे होते. पिशवी रिकामी निघाली की त्यांचा चेहरा पडायचा. पण ती उघडली जाते, एवढ्यानेही त्यांना गार वाटायचं. बाकीचे सभासद त्याच फाटकातून सलाम घेत बाहेर पडत होते.

नशिराबादजवळ स्वप्नीलने स्वतःच्या शेतात हे तळं खणलं होतं. जळगावचे हौशी लोक पैसे भरून रविवारी इथे गळ टाकायला येत. लागलेला मासा जाळीच्या थैलीत घालून काठाला पाण्यातच जिवंत ठेवायचा. पाच वाजता सगळ्यांसमोर वजन करायचं आणि मासे परत तळ्यात सोडायचे. ज्याचा मासा सगळ्यांत जड, त्याने तेवढा एक घरी न्यायचा. तो मानाचा मासा.

तीन वर्षं हा मान नानांनी कुणाला मिळू दिला नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने कधी त्यांचं नाव धड घेतलं नाही, पण इथे काट्यावर मासा चढला की टाळ्या पडायच्या. पिंप्राळ्यात घरी पोचेपर्यंत बायकोने, कमलबाईने, मसाला वाटून ठेवलेला असे. मग कालवणाच्या वाट्या शेजारीपाजारी जात, आणि गल्लीभर नानांचा पहिला नंबर गाजे. साठी उलटलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे!

दसऱ्याला दिवल्या आला आणि सगळंच बिनसलं. हा शिरपूरच्या वरच्या अंगाचा, सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी. इकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. पैसे इतरांएवढेच भरायचा. काठी बांबूची, स्वतः तासलेली. नानांची काठी पुण्याहून मागवलेली, रिळासकट. आणि पहिल्याच रविवारी या गड्याने सहा किलोचा कटला ओढून काढला! टाळ्या पडल्या. नानांनीही दोन वाजवल्या, पण हाताला जीव नव्हता.

पुढे तेच चालू राहिलं. दसऱ्यापासून नानांना एकदाही मान मिळाला नाही. ते जळत होते, उघड उघड जळत होते. दुपारी काठावरून फेरी मारून ते एकेकाची थैली वर उचलून बघत, आणि दिवल्याच्या थैलीपाशी आले की त्यांचं तोंड कडू होई.

त्यातच चोरी सुरू झाली. दर रविवारी कुणाच्या तरी थैलीतला एक मासा कमी भरायचा.

"तो उना तैपासून चालू शे हे," नानांनीच स्वप्नीलच्या कानावर घातलं. "त्याच्या आधी एक तरी मासा गेला होता का? सांग."

ते खरं होतं. स्वप्नीलला नाही म्हणता येईना.

"मग सगळ्यांच्याच पिशव्या बघू, नाना. एकट्याचीच बघणं बरं दिसत नाही."

"डॉक्टर, वकिलांच्या पिशव्या उघडणार तू? उद्या कोणी फिरकेल का इथे? ज्याची बघायची त्याची बघ."

तेव्हापासून हिलाल एकट्या दिवल्याची पिशवी बघत होता. आज पुन्हा मान दिवल्याचा, पुन्हा डॉक्टरांच्या थैलीतला रोहू गायब, आणि पिशवी पुन्हा रिकामी.

"कुंपणापलीकडे कोणाला तरी उभं करत असेल," नाना म्हणाले. "स्वप्नील, आज काय ते ठरव. नाहीतर मी यापुढे यायचा नाही."

स्वप्नील मान खाली घालून दिवल्याजवळ गेला. म्हणाला, "दिवल्या, पुढच्या रविवारपासून नको येऊस."

मानाचा कटला ओल्या गोणपाटात अजून तोंड हलवत होता. तो घेऊन दिवल्या काठाशी गेला, मासा पाण्यात सोडला, हात धुतले आणि कुणाकडे न बघता फाटकाबाहेर पडला. नाना त्या दिवशी स्कूटर हळूहळू चालवत, गुणगुणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नील पत्ता विचारत पिंप्राळ्यात दाराशी येऊन उभा राहिला. नाना लगबगीने पायऱ्या उतरले.

"अरे, फोन करायचा! चल, कोपऱ्यावर चहा घेऊ. मस्त मिळतो."

"इथेच बसू की नाना, पाच मिनिटं." स्वप्नीलने चपला काढल्यासुद्धा. "मला रात्री झोप नाही लागली. पण म्हटलं, तुमच्यासारखं जाणतं माणूस पाहिजे. पुढच्या रविवारपासून काटा तुम्ही सांभाळा. फलकावर वर तुमचं नाव लावतो."

नानांना भरून आलं. तेवढ्यात कमलबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. पाहुणा तळ्याचा मालक आहे हे कळताच त्यांनी ट्रे खाली ठेवून हात जोडले.

"तुमचे खूप उपकार शेतस, भाऊ," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तीन वरीस व्हयनात, यास्ना पह्यला नंबर एक रविवार चुकना नही. काल बी मानना रोहू घर लई उनात."