पलीकडच्या गाडीची बॅटरी

बॅटरीच्या दुकानातल्या प्रभूनं बॉनेटमध्ये वाकून पुन्हा एकदा मापाचा टेप लावला आणि मान हलवली. "काकू, ही बॅटरी ह्या गाडीची न्हाईच. लई लहान हाय. कुणी बसवली?"

रत्नम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. कल्लप्पा आभाळाकडं बघू लागले. स्वस्तात मिळाली म्हणून ती बॅटरी त्यांनीच आणली होती आणि हलू नये म्हणून बाजूला लाकडाची पाचर ठोकली होती. पाचर कधीच निसटून पडली होती. बॅटरी खड्ड्याखड्ड्याला आपटत राहिली आणि आज सकाळी गाडी नुसती कट् कट् करून गप्प झाली.

डिकीत, मागच्या सीटवर आणि ड्रायव्हरशेजारीही कडक भाकरीच्या टोपल्या रचलेल्या होत्या. होटगी रोडच्या कार्यालयात दुपारी साखरपुडा होता. रत्नम्माची ही पहिलीच मोठी ऑर्डर. रिक्षात घातल्या असत्या, तर पोचेपर्यंत भाकरीचा भुगा झाला असता.

प्रभूनं दुकानातून स्कूटरवर दोन बॅटऱ्या आणल्या होत्या. पहिली उंच निघाली. "बॉनेट लावलं की वर टेकंल आन् ठिणगी उडंल," तो म्हणाला. दुसरी जागेवर नीट बसली, पण तिचं प्लसचं टोक भलत्याच बाजूला होतं. वायर तिथपर्यंत पोचेना.

"जरा ओढून लाव की," कल्लप्पा म्हणाले.

"ओढून वायर लांब होती व्हय, काका?"

"मग नेमकी कुठली लागती हिला?" रत्नम्मा म्हणाली.

"मॉडेल जुनं हाय, काकू. अशीच दुसरी गाडी, कंपनीच्या मापाची बॅटरी असलेली, कुटं बघाय मिळाली तर नंबर कळंल."

रत्नम्मानं आणि कल्लप्पांनी एकदमच भिंतीकडं पाहिलं. कमरेएवढ्या भिंतीपलीकडं, कल्लप्पांचे थोरले भाऊ सिद्धाप्पा यांच्या अंगणात, जुन्या चादरीखाली अगदी तशीच गाडी उभी होती. दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच रंगाच्या घेतल्या होत्या. सिद्धाप्पांचे गुडघे धरल्यापासून त्यांची गाडी रविवारी नुसती चालू करून बंद व्हायची.

अडचण गाडीची नव्हती. रत्नम्मा आणि तिची थोरली जाऊ सिद्धेश्वरी गेल्या श्रावणापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका बारशाला भरल्या पंगतीत सिद्धेश्वरी म्हणाली होती, "रत्नम्माची कडक भाकरी हल्ली मऊ पडाय लागली." दुसरं कुणी म्हणालं असतं तर रत्नम्मानं हसून सोडून दिलं असतं. पण भाकरी थापायला तिला शिकवलं होतं सिद्धेश्वरीनंच.

"मी न्हाय जाणार," रत्नम्मा म्हणाली. "वहिनी तुमची हाय. तुमी जावा."

कल्लप्पांना जावं लागलं नाही. भिंतीपलीकडं किल्ल्यांचा जुडगा वाजला. सिद्धेश्वरीनं सगळं ऐकलं होतं. तिनं चादर ओढून बाजूला टाकली. "ये रे प्रभू, बघ."

प्रभू टेप घेऊन भिंतीवरनं उडी मारून गेला. "हीच की! लांबी, उंची, टोकांची बाजू, समदं बरोबर." मग त्यानं बाजूचा नंबर वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "पण ही आमच्याकडं शिल्लक न्हाई. संध्याकाळपर्यंत मागवून देतो."

"संध्याकाळी काय करू? तितली भांडी घासू?" रत्नम्मा म्हणाली. ती पाठ करून उभी राहिली आणि सरळच असलेली एक टोपली सरळ करू लागली.

सिद्धेश्वरीनं क्षणभर त्या पाठीकडं पाहिलं. मग ती प्रभूला म्हणाली, "तिला विचार, माझी गाडी नेती का."

"मावशी, तुमचं मागचं टायर पार बसलंय."

सिद्धेश्वरीनं टायरकडं असं पाहिलं, जणू त्यानंच ऐन वेळी तोंड फिरवलंय. "मग बॅटरी काढ. घाल तिच्यात."

प्रभूनं पाना काढला. थोड्याच वेळात बॅटरी भिंतीवरनं अलीकडं आली, प्रभूच्या हातातनं कल्लप्पांच्या हातात. जागेवर ठेवली तशी चपखल बसली. रत्नम्मानं किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

ती गिअर टाकणार एवढ्यात शेजारचं दार उघडलं. सिद्धेश्वरीनं सीटवरची टोपली उचलली, स्वतः बसली आणि टोपली मांडीवर घेतली.

"अक्का, तुमी कुटं?" रत्नम्माच्या तोंडून निघून गेलं.

"बॅटरी माझी हाय. एकटी कशी सोडू तिला?"

तिनं टोपलीवरचं फडकं सारलं, कडेच्या एका तुटक्या भाकरीचा तुकडा काढून तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला. तिनं सगळा तुकडा सावकाश चावून संपवला. तोवर रत्नम्मा थांबून राहिली.

"चल," सिद्धेश्वरी म्हणाली. "आन् मोठ्या चौकातनं नको, तितं खड्डे हायत."

"तिकडनंच जवळ पडतं, अक्का."

"जवळचं काय करायचं? भाकरी मोडतील की!"

गाडी गल्लीच्या टोकाला वळली, तरी दोघींचे आवाज एकदमच ऐकू येत होते.

अंगणात कल्लप्पा आणि दोन चुकीच्या बॅटऱ्या उरल्या. प्रभू त्या स्कूटरला बांधू लागला.

"संध्याकाळी नवी आणलीस," कल्लप्पांनी विचारलं, "की ती कुणाच्यात बसवायची?"

प्रभूनं दोरीची गाठ आवळली.

"कुणाच्यातबी बसवा की, काका. माप एकच हाय दोघींचं."